आठ टिकटिक आणि १०८ अर्थ: भयनाट्यात लपवलेल्या खुणा चाहते कशा शोधतात?

मागच्या पावसाळ्यात एका रात्री पावणेदोन वाजता मी घरच्या ग्रुपवर एकच शब्द टाकला: ‘सापडलं!’ सकाळी चहा देताना आईने विचारलं, “काय सापडलं? चष्मा का?”

चष्मा नव्हता. मला एका इंग्रजी भयनाट्यात लपवलेला गुप्त संदेश सापडला होता. निदान त्या रात्री माझी तशी पक्की खात्री होती. पुढच्या चार दिवसांत ती खात्री कशी उडाली आणि त्या नादात आवाज, फाइल आणि आपले कान यांच्याबद्दल काय काय कळलं, तेच आज सांगतो. मध्ये एक प्रयोग आहे, तो तुम्ही कुकरच्या शिट्टीवरही करू शकता.

मी बदलापूर पूर्वेला शिरगावात राहतो. नोकरी मुंबईत. म्हणजे रोज जाताना दीड तास आणि येताना दीड तास लोकल. गर्दीत मोबाईल डोळ्यांसमोर धरायला जागा नसते, पण कान मोकळे असतात. म्हणून मला ऑडिओ ड्रामाची सवय लागली. माझी मावसबहीण लंडनला असते, तिलाही हेच वेड. दोघांनी आठवडाभर एकाच मालिकेचे भाग ऐकायचे आणि रविवारी फोनवर ताडून बघायचं, असं आमचं ठरलेलं. तेव्हा ऐकत होतो ती मालिका होती ‘द मॅग्नस आर्काइव्ह्ज’.

हा प्रकार नेमका काय आहे?

‘द मॅग्नस आर्काइव्ह्ज’ ही ब्रिटनमधल्या रस्टी क्विल या कंपनीची भयमालिका. लेखक आणि मुख्य आवाज जोनाथन सिम्स यांचा. मार्च २०१६ मध्ये सुरू झाली, मार्च २०२१ मध्ये संपली, एकूण २०० भाग. गोष्ट अशी: लंडनमधल्या एका संस्थेत लोकांनी दिलेले विचित्र अनुभवांचे जबाब साठवलेले आहेत. नवीन आलेला दप्तरप्रमुख ते एकेक करून टेपवर वाचून ठेवतो. सुरुवातीला वाटतं, प्रत्येक भागात एक वेगळी भुताची गोष्ट आहे. दहा-बारा भाग झाले की लक्षात येतं, नावं परत येतायत. तीच वस्तू दुसऱ्याच कुणाच्या जबाबात दिसतेय. मग माणूस वही-पेन घेऊन बसतो.

आपल्याकडे आवाजातून भीती दाखवणं नवीन नाही. आकाशवाणीवरच्या श्रुतिका आणि विविध भारतीवरचं ‘हवामहल’ ऐकत एक पिढी मोठी झाली. आमच्याच मजल्यावर राहणारे काका (पंचाहत्तरी ओलांडलेली, तार खात्यातून निवृत्त) अजूनही त्या दिवसांबद्दल बोलतात. पण त्या काळी खुणा शोधणं हा प्रकार जवळजवळ अशक्य होता, कारण रेडिओवर गेलं ते गेलं. एखादं वाक्य निसटलं तर ते परत ऐकायची सोय नव्हती. लेखकालाही ते माहीत असायचं, म्हणून महत्त्वाची गोष्ट तो ठळकपणे सांगायचा.

पॉडकास्टमध्ये कार्यक्रम म्हणजे एक फाइल असते. ती थांबवता येते, मागे नेता येते, संगणकावर उघडून चिरताही येते. ऐकणारा दहा वेळा ऐकू शकतो हे कळलं की लिहिणाराही दहाव्या वेळेसाठी काहीतरी ठेवायला लागतो. खुणांचा हा खेळ सुरू झाला तो या एका तांत्रिक बदलामुळे.

ढोबळमानाने या खुणा तीन जातींच्या असतात. (पुढे पहिल्या सीझनच्या शेवटाचा उलगडा आहे. मालिका ऐकायची असेल तर दुसरी जात वगळून पुढे जा.)

पहिली जात: मोठ्याने सांगितलेलं, पण निसटलेलं

सर्वात जास्त खुणा याच जातीच्या असतात आणि त्यांना कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. मॅग्नसमधल्या पहिल्या जबाबाचा क्रमांक आहे ०१२२२०४. ऐकताना तो सरकारी फाइलीचा नंबर वाटतो. पण जबाबाची तारीख आहे २२ एप्रिल २०१२. आता क्रमांक तोडून बघा: ०१२ म्हणजे वर्ष, २२ म्हणजे दिवस, ०४ म्हणजे महिना. एकदा हे कळलं की प्रत्येक क्रमांकातून तारीख निघते. तारखा निघाल्या की जबाब घडले त्या क्रमाने लावता येतात, आणि तो क्रम ऐकण्याच्या क्रमापेक्षा वेगळा असतो.

चाहते इथे काय करतात? भागांचे संवाद लिहून काढतात आणि एक्सेलसारख्या तक्त्यात भरतात. भाग, तारीख, गाव, माणसांची नावं, वस्तू असे रकाने करतात. मग नावावर फिल्टर लावला की कोण कुठे परत आलं ते समोर येतं. माझ्या मावसबहिणीने असाच तक्ता केला होता. मी तिला हसलो होतो. म्हटलं, “गोष्ट ऐकतेस की ऑडिट करतेस?”

दुसरी जात: आवाज हाच पुरावा

ही जात फक्त ऑडिओतच शक्य आहे. तिसऱ्या भागात एक बाई सांगते की तिच्या समोरच्या इमारतीत राहणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या जागी दुसराच कुणीतरी आला. इतर सगळ्यांना तो पहिल्यापासून असाच होता असं वाटतं. फक्त जुन्या पोलरॉइड फोटोंमध्ये मूळ माणूस दिसतो. त्याच्या घरात चमत्कारिक नक्षीचं एक टेबल असतं.

पुढे ३९व्या भागात ते टेबल संस्थेच्याच गोदामात आहे आणि तिथे साशा नावाची सहकारी अडकते. त्यानंतर साशा पुन्हा कामावर दिसते. सगळे तिच्याशी नेहमीसारखं बोलतात. पण तिचं काम आता दुसरी अभिनेत्री करतेय! पात्रांना फरक कळत नाही, आपल्याला कळतो. पहिल्यांदा ऐकताना अनेकांना वाटतं, कलाकार बदलला असेल, मालिकांमध्ये असं होतंच. ज्यांना तिसरा भाग आठवतो त्यांच्या मात्र अंगावर काटा येतो.

यात एक तांत्रिक गंमतही आहे. पहिल्या भागापासून सांगितलेलं असतं की काही जबाब संगणकावर रेकॉर्ड होत नाहीत, नुसती खरखर येते. ते टेपवरच घ्यावे लागतात. आपल्याला वाटतं, जुन्या वातावरणासाठी केलेली सजावट असेल. खरं तर कुठले जबाब अस्सल आहेत, हे लेखकाने तिथेच सांगून टाकलेलं असतं. पोलरॉइड आणि टेप या दोन्ही गोष्टी जुन्या पद्धतीच्या. मूळ फोटो पोलरॉइडवर टिकतो आणि साशाचा मूळ आवाजही जुन्या टेपवर टिकतो.

हा सांधा मावसबहिणीला आधी जुळला. तिच्या तक्त्यात ‘वस्तू’ या रकान्यात ‘टेबल’ दोनदा होतं, एवढंच.

जानेवारी २०२४ मध्ये ‘द मॅग्नस प्रोटोकॉल’ ही पुढची मालिका सुरू झाली. त्याआधी २०२३ मध्ये कंपनीने इंटरनेटवर कोड्यांचा एक खेळ चालवला आणि चाहत्यांनी तो मिळून सोडवला. या नव्या मालिकेत एक जुनाट संगणक काही प्रकरणं वाचून दाखवतो. त्याच्या आवाजांना नॉरिस, चेस्टर अशी नावं आहेत. जुन्या श्रोत्यांनी ते आवाज लगेच ओळखले, कारण ते आधीच्या मालिकेतल्या दोन मुख्य पात्रांचे होते. तिथेही खूण ओळखायला फक्त कानच लागले.

तिसरी जात: ध्वनीत पेरलेलं चित्र

आता येऊ माझ्या आवडीच्या जातीकडे. माझी फजिती इथेच झाली.

संगणकात आवाज म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाच्या आवाजात एका सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. ही रांग सरळ काढली तर वरखाली होणारी लाट दिसते. कुठे मोठा आवाज आहे, कुठे शांतता आहे, एवढं तिच्यावरून कळतं. त्या आवाजात कुठले सूर आहेत हे कळत नाही. त्यासाठी स्पेक्ट्रोग्राम लागतो.

स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचा नकाशा. आडवा अक्ष वेळेचा. उभा अक्ष कंपनसंख्येचा, म्हणजे खाली जाड आवाज, वर बारीक. जिथे जोर जास्त तिथे रंग उजळ. हा नकाशा काढताना सॉफ्टवेअर आवाजाचे छोटे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्यात कुठली कंपनं किती आहेत ते गणिताने वेगळं करतं. या गणिताला फूरिए रूपांतर म्हणतात. समजा तुकडा २,०४८ आकड्यांचा घेतला. तो साधारण ४६ मिलिसेकंदांचा झाला, आणि त्यात आपल्याला २१.५ हर्ट्झच्या पायऱ्यांनी सूर वेगळे करता येतात. तुकडा दुप्पट केला तर सुरांच्या पायऱ्या दुप्पट बारीक होतात, पण आवाज नेमका कधी झाला हे धूसर होतं. सूर आणि वेळ दोन्ही एकदम स्पष्ट मिळत नाहीत. एक घट्ट पकडलं की दुसरं सुटतं.

याच नकाशात उलटी चाल करता येते. आधी चित्र घ्यायचं, ते नकाशा समजायचं आणि त्यातून आवाज तयार करायचा. ऐकायला तो खरखरीत, कर्कश लागतो, पण स्पेक्ट्रोग्राम काढला की चित्र दिसतं. एफेक्स ट्विन या संगीतकाराच्या १९९९ च्या ‘विंडोलिकर’ या रेकॉर्डमध्ये असा एक चेहरा आहे. २०१६ च्या ‘डूम’ या गेमच्या संगीतात पंचकोनी तारा आणि ६६६ हा आकडा निघाला होता.

आणखी एक प्रसिद्ध उदाहरण ‘पोर्टल’ या गेमचं. १ मार्च २०१० रोजी कंपनीने कसलाही गाजावाजा न करता गेममधले रेडिओ बदलले. त्यांतून येणाऱ्या आवाजांत काही ठिकाणी मोर्स कोड होता, काही ठिकाणी एसएसटीव्ही. एसएसटीव्ही म्हणजे आवाजाच्या सुरांतून एकेक ओळ करत चित्र पाठवायची हौशी रेडिओवाल्यांची पद्धत. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरूनही अधूनमधून अशी चित्रं पाठवली जातात. चाहत्यांनी रेडिओचे आवाज डिकोड केले, चित्रं निघाली आणि त्यांचा माग काढत ‘पोर्टल २’ येतोय याचा सुगावा लागला.

घरी करून बघा

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. मोबाईलवर कुकरची शिट्टी, एक टाळी आणि ‘आई’ हा शब्द रेकॉर्ड करा. फाइल ऑडॅसिटीत उघडा, ट्रॅकच्या नावावर क्लिक करा आणि मेनूतून स्पेक्ट्रोग्राम निवडा. शिट्टी म्हणजे धुरळ्यातून जाणारी ठळक आडवी रेषा. टाळी म्हणजे उभी रेषा, कारण ती क्षणभरच टिकते पण तिच्यात सगळी कंपनं असतात. आणि ‘आई’ म्हणताना एकावर एक रचलेले पट्टे दिसतील, ते ‘आ’कडून ‘ई’कडे जाताना जागा बदलतात. हे तीन आकार डोळ्यांत बसले की निम्मं काम झालं.

एमपी३ ची चाळणी

इथे एक मेख आहे. बरेचसे पॉडकास्ट एमपी३ मध्ये येतात. फाइल लहान व्हावी म्हणून एमपी३ आवाजातला काही भाग टाकून देतं. कुठला भाग? माणसाच्या कानाला ऐकू येण्याची शक्यता कमी असलेला. मोठ्या आवाजाच्या आड दडलेला बारीक आवाज, अगदी वरच्या पट्टीतला आवाज. १२८ केबीपीएसच्या फाइलमध्ये साधारण १६ ते १७ हजार हर्ट्झच्या वर बहुतेक वेळा काहीच उरत नाही. नकाशात तिथे कापल्यासारखी कड दिसते. नवशिक्याला वाटतं, इथे कुणीतरी काहीतरी पुसलंय! कुणी पुसलेलं नसतं, चाळणीतून गळलेलं असतं. तसंच, कमी दर्जाच्या फाइलमध्ये चौकोनी ठिगळं दिसतात. त्यांत चेहरे शोधायला बसलात तर चेहरे मिळतीलही.

म्हणजे जी जागा लपवायला सोयीची, तीच चाळणीत आधी जाते. लेखकाला हे माहीत असतं. त्याला खूण सापडायला हवी असते, म्हणून तो ती चाळणीतून वाचेल इतकी ठळक ठेवतो. अगदीच पुसट, फक्त तुमच्याच मशिनवर दिसणारी खूण असेल तर शंका घ्यायची.

हे सगळं मला आज समजतंय. त्या रात्री समजत नव्हतं.

माझं ‘सापडलं!’

झालं असं. येताना अंबरनाथ सुटल्यावर एक भाग ऐकत होतो. एका वाक्यानंतर वाचणारा थांबतो. त्या शांततेत मला काहीतरी टिकटिकल्यासारखं वाटलं. घरी आलो, जेवलो, सगळे झोपल्यावर लॅपटॉप उघडला. ॲपमधून फाइल काढता येत नव्हती, म्हणून भाग लॅपटॉपवर चालू केला आणि ऑडॅसिटीत रेकॉर्ड केला. स्पेक्ट्रोग्राम काढला, आणि त्या शांततेच्या जागी उभ्या बारीक रेषा. मोजल्या. आठ.

मोर्स कोडचा तक्ता समोर घेतला. नुसत्या टिंबांची इंग्रजी अक्षरं चारच: एक टिंब म्हणजे ई, दोन म्हणजे आय, तीन म्हणजे एस, चार म्हणजे एच. आठ टिंबं मी तीन, चार, एक अशी पाडली. एस, एच, ई. ‘शी’, म्हणजे ‘ती’! साशाबद्दल ऐकून आठवडाच झाला होता. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. पावणेदोन वाजता ग्रुपवर मेसेज गेला.

दुसऱ्या रात्री खात्रीसाठी परत रेकॉर्ड केलं. मध्येच पाऊस आला म्हणून गॅलरीतले कपडे काढायला उठलो, तेवढ्यात लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता, रेकॉर्डिंग चालू राहिलं. नंतर बघतो तर टिकटिक आता पूर्ण मिनिटभर होती, आणि शेवटी शेवटी दोन टिकांमधलं अंतर वाढत वाढत ती थांबत होती. जणू संदेश देणारा थकत चाललाय. मला वाटलं, लेखकाने काय कमाल केलीय! लाईट गेली होती हे मला माहीत होतं. टिकटिक थांबली हेही दिसत होतं. दोन्हींचा संबंध मात्र माझ्या डोक्यात आला नाही.

मावसबहिणीने तिकडे तीच जागा ऐकली. म्हणाली, “माझ्याकडे काहीच नाहीये रे.” मी म्हटलं, तू चुकीच्या मिनिटाला बघतेयस. ती म्हणाली, जाहिरातींमुळे माझी वेळ वेगळी येते, मी वाक्य शोधूनच ऐकलंय. हे खरं आहे. आजकाल अनेक पॉडकास्टमध्ये देशाप्रमाणे वेगळ्या जाहिराती आपोआप घुसवल्या जातात. त्यामुळे शिरगावची फाइल आणि लंडनची फाइल बाइट न् बाइट सारखी असेलच असं नाही. मी लगेच पळवाट काढली: “म्हणजे खूण फक्त भारतातल्या फाइलमध्ये असेल!” आता लिहितानाही लाज वाटते.

काका ऐकतात

रविवारी काकांकडे गेलो. त्यांनी तरुणपणी तारेवर काम केलेलं. कडकट्ट नुसतं कानाने ऐकून हाताने लिहून घ्यायचे. म्हटलं, मोर्स वाचणारा माणूस मजल्यावर असताना तक्ते कशाला धुंडाळायचे?

काकांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, टेबलावर बोटाने ताल धरला. अर्ध्या मिनिटात डोळे उघडले.

“हे मोर्स नाही.”

“काका, एस एच ई येतंय बघा.”

“तुझ्या मनात येतंय. यात अक्षरं संपतात कुठे? टिंबाला एक मात्रा धर. रेघ तीन मात्रांची. अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक मात्रा थांबायचं, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. मोर्स खुणांवर नाही, थांबण्यावर वाचतात. हे तर घड्याळासारखं सरळ चाललंय. आणि हा शेवटी हळू होतो तो कसा? तार देणारा माणूस असा लयीत दमत नाही.” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “रेकॉर्ड करताना पंखा कितीवर होता?”

“दोनवर.”

“बंद करून परत ऐक.”

घरी आलो. पंखा बंद केला, रेकॉर्ड केलं. टिकटिक गायब. पंखा लावला, टिकटिक हजर. मग लक्षात आलं, ऑडॅसिटीत मी इनपुट म्हणून लॅपटॉपचा माइक ठेवला होता. संगणकाच्या आतला आवाज थेट घ्यायचा असेल तर विंडोजवर होस्टमध्ये वासापी आणि इनपुटमध्ये लूपबॅक निवडावं लागतं. माझ्या फाइलमध्ये लंडनची संस्था होती आणि शिरगावचा पंखाही होता. लाईट गेल्यावर तो हळूहळू थांबला, एवढाच तो ‘थकत चाललेला संदेश’.

मग वहीवर एक हिशेब केला. आठ टिंबं, प्रत्येक अक्षराला एक ते चार टिंबं. मधले थांबे मला हवे तिथे ठेवायची मुभा असेल, तर अक्षरं किती प्रकारे पाडता येतात? १०८ प्रकारे! पूर्ण जपमाळ. त्या १०८ मण्यांतला एक मणी मी ओढला आणि म्हटलं, देव बोलला.

काकांना हे जाऊन सांगितलं तेव्हा ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, “आमच्या वेळी तार आली म्हटलं की लोक वाचायच्या आधीच रडायला लागायचे. एकदा मी घेत होतो. ‘आईची तब्येत’ एवढं आलं आणि लाइन खराब झाली. पुढे काय असणार हे रस्त्यावरच्या पोरानेही सांगितलं असतं. पण आम्हाला शिस्त होती, अंदाजाने शब्द भरायचा नाही, परत मागवायचा. मागवला. पुढे होतं, ‘सुधारली, येऊ नका.’”

भारतातली तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ही शिस्त मात्र चालू ठेवण्यासारखी आहे. घाबरलेला माणूस वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबत नाही, तोच ते पूर्ण करतो. भयनाट्य चालतं तेही आपल्या याच खोडीवर. ते ऐकताना घाबरायचं जरूर, त्यासाठीच तर ऐकतो. पण ‘सापडलं’ म्हणायच्या आधी शब्द परत मागवायचा.

मग खरी खूण कशी ओळखायची?

आता मी आणि मावसबहीण पाच गोष्टी तपासतो.

एक, फाइल तीच आहे का? शक्यतो पॉडकास्टच्या फीडमधून मूळ फाइल उतरवून घ्यायची, स्पीकर-माइक लावून रेकॉर्ड केलेली वापरायची नाही. दोघांकडच्या फाइलचा शा-२५६ हा ठसा जुळला तर फाइल तंतोतंत एक. नाही जुळला तर मिनिट-सेकंद सांगायचं नाही, आजूबाजूचं वाक्य सांगायचं.

दोन, न सांगता दुसऱ्याला सापडतं का? ‘इथे शी ऐकू येतंय का?’ असं विचारलं की समोरच्याला ऐकू येतंच. उलट्या वाजवलेल्या गाण्यांत लोकांना वाक्यं ऐकू येतात तीही अशीच, आधी शब्द सांगितले की मग. म्हणून नुसतं ‘हा भाग ऐक’ म्हणायचं आणि गप्प बसायचं.

तीन, ही माझ्या घरातली भर तर नाही? काहीही न वाजवता दोन मिनिटं खोलीचं रेकॉर्डिंग करायचं आणि त्याचा नकाशा बघायचा. पंखा, फ्रिज, मोबाईलचा चार्जर सगळे आपापल्या रेषा दाखवतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ५० आणि १०० हर्ट्झवर आडव्या रेषा बऱ्याचदा दिसतात. त्या भुताच्या नाहीत.

चार, दुसरा अर्थ निघाला असता तरीही मी ‘सापडलं’ म्हटलं असतं का? एस एच ई ऐवजी एच आय आय आलं असतं तर मी ‘हाय’ वाचून तितकाच घाबरलो असतो. कुठल्याही उत्तराने समाधान होणार असेल तर प्रश्नच चुकलाय.

पाच, ही खूण गोष्टीत कुठे बसते का? लेखक सहसा एकदाच सांगून थांबत नाही. टेबल तिसऱ्या भागात येतं आणि ३९व्या भागात परत येतं. जबाबाच्या क्रमांकातून एकदा तारीख निघाली की पुढच्या क्रमांकांतूनही निघते. खऱ्या खुणेवरून पुढच्या भागाबद्दल काहीतरी सांगता येतं आणि ते खरं-खोटं करता येतं. माझ्या ‘शी’वरून पुढे काहीच सांगता येत नव्हतं.

या पाचांत महागडं सॉफ्टवेअर कुठेच नाही. स्पेक्ट्रोग्राम जरूर शिका, मजा येते. पण आमच्या दोघांत खरा सांधा जुळला तो मी हसलो होतो त्या तक्त्यातून.

त्या रविवारी संध्याकाळी मी घरच्या ग्रुपवर लिहिलं: ‘सापडलं नव्हतं. पंखा होता.’

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “दोन महिने ओरडतेय, त्या पंख्याला तेल घाल, टिकटिक करतो. कुणी ऐकेल तर ना!”